नामावळीच्या वह्यांचे स्कॅन आणि त्यांची सूची : लिनक्सवर बॅकअपसाठी कोणते सॉफ्टवेअर, आणि कोणत्या वेळी?

प्रश्न : गोदाकाठ (पंचवटी)

रामकुंडापासून जवळच माझ्या मामांचे घर आहे. त्यांच्या घराण्याकडे क्षेत्रोपाध्येपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असून, नाशिकला आलेल्या यजमानांनी स्वहस्ते लिहिलेल्या नामावळीच्या वह्या घरात जपलेल्या आहेत. जुन्या वह्यांतील मजकूर मोडीत आहे, नंतरचा देवनागरीत. कित्येक पानांवर एकाच कुळातील तीन-चार पिढ्यांची अक्षरे एकाखाली एक आलेली आहेत. पाने ठिसूळ होऊ लागल्यामुळे मामांच्या संमतीने आम्ही भावंडांनी त्यांचे स्कॅनिंग सुरू केले आहे आणि संगणकाची बाजू माझ्याकडे आहे.

लिनक्स मिंट असलेला एक संगणक आहे, त्यात ४ टीबीची डिस्क आहे. प्रत्येक पान ४०० डीपीआयने, रंगीत, टिफ स्वरूपात साठवतो. ए-४ आकाराच्या पानाची अशी फाइल सुमारे ४६ एमबीची होते. आतापर्यंत सुमारे २० हजार पाने झाली आहेत, म्हणजे सगळा साठा ९०० जीबीच्या आसपास आहे, आणि कामाच्या दिवशी साधारण दीडशे पानांची भर पडते. याशिवाय मारियाडीबी या डेटाबेसमध्ये सूची आहे. तिच्यात गाव, आडनाव, वहीचा क्रमांक, पान, नोंदीचे वर्ष आणि मोडी मजकुराचे लिप्यंतर असते. सूचीचा आकार नगण्य आहे, परंतु खरे श्रम तिच्यातच आहेत, कारण मोडी सराईतपणे वाचणाऱ्या घरात एकट्या थोरल्या मामी आहेत.

संगणकावर टाइमशिफ्ट चालू आहे. ते पुरेसे मानावे का? नसल्यास आरसिंक, बोर्ग, रेस्टिक, देजा-डुप, कोपिया अशी अनेक नावे वाचनात येतात, त्यांतून निवड कशाच्या आधारे करावी? दुसरा प्रश्न वेळेचा. बहुतेक मार्गदर्शिकांत रात्री दोन वाजता क्रॉनने (ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणाऱ्या सोयीने) बॅकअप घ्यावा असे लिहिलेले असते. आमचा संगणक सकाळी दहाला सुरू होतो आणि संध्याकाळी सातच्या सुमारास बंद केला जातो. पावसाळ्यात वीज अधूनमधून जाते. यूपीएस आहे, पण तो फार वेळ तग धरत नाही.

दोन अटी आहेत. घर नदीकाठी आहे, तेव्हा सर्व प्रती एकाच वास्तूत ठेवणे मला योग्य वाटत नाही. आणि यजमानांची माहिती परक्याच्या हाती पडता कामा नये, याबद्दल मामा ठाम आहेत. इंटरनेटचा अपलोड वेग ५० एमबीपीएस मिळतो.

प्रतिसाद : सातपूरकर

आपण हाती घेतलेले काम फार मोलाचे आहे, त्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

प्रथम टाइमशिफ्टविषयी. ते प्रणालीसाठी आहे. एखाद्या अद्ययावतीकरणानंतर मिंट सुरूच होईना, तर कालच्या स्थितीवर परत जाण्यासाठी ते उत्तम आहे; परंतु वापरकर्त्याचे होम फोल्डर ते मूळ सेटिंगमध्ये वगळते, आणि त्याची प्रत बहुतेक वेळा त्याच संगणकातील डिस्कवर असते. ते चालू राहू द्यावे, पण वह्यांच्या सुरक्षिततेच्या हिशेबात धरू नये.

सॉफ्टवेअरची नावे क्षणभर बाजूला ठेवून आपल्याकडील माहितीचा स्वभाव पाहू. आपल्याकडे एका छताखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. स्कॅन केलेले पान एकदा तयार झाले की ते पुढे कधीच बदलायचे नसते. त्यात नुसती भर पडते. सूची मात्र रोज बदलते, जुन्या नोंदी दुरुस्त होतात, दोन गावे एकच असल्याचे लक्षात आल्यावर त्या नोंदी एकत्र केल्या जातात. स्कॅनच्या बाबतीत भीती आहे ती फाइल नष्ट होण्याची किंवा नकळत बिघडण्याची. सूचीच्या बाबतीत त्याहून मोठी भीती आहे ती चुकीच्या बदलाची, जो त्या दिवशी कोणाच्याही ध्यानात येत नाही.

यावरून वेळापत्रक ठरवण्यासाठी दोन वेगळे प्रश्न निघतात. बॅकअप किती वेळा घ्यावा, हे आपण किती तासांचे काम पुन्हा करायला तयार आहात यावर ठरते. जुन्या प्रती किती काळ ठेवाव्यात, हे मात्र चूक किती उशिरा लक्षात येऊ शकते यावर ठरते. आपल्या बाबतीत हा दुसरा काळ विलक्षण लांब आहे. समजा, सूचीतील एका आडनावाची दोन कुळे आज चुकून एकत्र झाली. ती चूक उघड होईल ती त्या कुळातील कोणी यजमान विदर्भातून किंवा कोकणातून येऊन आपल्या आजोबांचे नाव विचारील तेव्हा. ते पुढच्या महिन्यात होईल किंवा दहा वर्षांनी. म्हणून ‘मागील ३० दिवसांच्या प्रती ठेवा’ हा सर्वत्र आढळणारा सल्ला आपल्याला लागू पडत नाही. सूचीच्या रोजच्या प्रती १४ दिवस, आठवड्याच्या ८, महिन्याच्या २४ आणि वर्षाची एक प्रत कायम, असे धोरण मी सुचवीन. सूची लहान असल्यामुळे याला जागा जवळजवळ लागतच नाही.

आता निवड. माझे मत रेस्टिकच्या बाजूने आहे, आणि बोर्ग हा जवळपास तितकाच चांगला पर्याय आहे. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. दोन्ही फाइलचे तुकडे तिच्या मजकुरावरून पाडतात आणि एकच तुकडा पुन्हा आला तर तो दुसऱ्यांदा साठवत नाहीत. वेगवेगळ्या पानांच्या स्कॅनमध्ये सारखे तुकडे सापडणार नाहीत, हे खरे. तरीही याचा आपल्याला उपयोग आहे. वह्यांचे पुनर्वर्गीकरण करताना फोल्डरचे नाव बदलले, किंवा एक वही एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्याच्या फोल्डरमध्ये हलवली, तर आरसिंक त्या सर्व फाइल नव्या समजून पुन्हा पाठवते; रेस्टिक आणि बोर्ग त्या फाइल पुन्हा वाचतात, पण आधीचेच तुकडे वापरतात आणि जागा वाढत नाही.

रेस्टिकमध्ये कूटबद्धता (एन्क्रिप्शन) ऐच्छिक नाही. मुद्दाम तसा पर्याय दिल्याशिवाय त्याची साठवण पासवर्डविना तयार होत नाही. मामांची अट तिथे आपोआप पाळली जाते. बोर्गमध्येही कूटबद्धता आहे, पण ती सुरुवातीला निवडावी लागते. रेस्टिक बाहेरची डिस्क, एसएफटीपी, एस३ पद्धतीची क्लाउड साठवण अशा अनेक ठिकाणी थेट लिहू शकते. बोर्ग दूरच्या यंत्राशी एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून बोलते आणि तिकडेही बोर्ग बसवलेले असेल तरच खुलून काम करते. देजा-डुप सोपे आहे, एका व्यक्तीच्या होम फोल्डरसाठी मी ते बिनदिक्कत सुचवतो. परंतु डेटाबेसची निर्यात आधी, मग प्रत, मग तपासणी, असा क्रम त्यात बसवणे अवघड जाते. बॅकयूला, अमांडा, बॅकअपपीसी ही अनेक यंत्रे असलेल्या कार्यालयांची साधने आहेत, त्यांचा विचार इथे नको. खिडक्यांचा दृश्य इंटरफेस हवा असल्यास बोर्गसाठी व्होर्टा आणि पिका बॅकअप आहेत, आणि कोपियाचा स्वतःचाच आहे.

एक काळजी घ्यावी. आपला मिंट २१ मालिकेतील असेल, तर त्याच्या भांडारात रेस्टिकची ०.१२ ही जुनी आवृत्ती मिळते. रेस्टिकमध्ये संक्षेपनाची (फाइल आवळून लहान करण्याची) सोय ०.१४ पासून, म्हणजे २०२२ पासून आली. मिंट २२ मध्ये पुरेशी नवी आवृत्ती आहे. जुन्या आवृत्तीने साठवण तयार करून मग रूपांतर करण्यापेक्षा सुरुवातच नव्या आवृत्तीने करावी.

सूचीविषयी एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. मारियाडीबी चालू असताना तिच्या फाइल नुसत्या उचलून प्रत करू नयेत. लिहिणे अर्धवट असताना घेतलेली प्रत परत उभी राहीलच, याची शाश्वती नसते. मारियाडीबी-डंप ही आज्ञा ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ पर्यायासह चालवावी, म्हणजे इनोडीबी (मारियाडीबीतील नेहमीच्या) प्रकारच्या सारण्यांचे एका क्षणाचे सुसंगत चित्र मजकुराच्या स्वरूपात मिळते आणि त्या वेळी मामींचे कामही थांबत नाही. ती निर्यात जीझिपने आवळू नये. मजकुरात एक ओळ बदलली तर आवळलेल्या फाइलचा त्यापुढील सगळा भाग बदलतो आणि तुकडे जुळेनासे होतात. आवळण्याचे काम रेस्टिकवर सोपवावे.

प्रतिसाद : इंदिरानगर

सातपूरकरांशी मी सहमत आहे. मी वेळापत्रकाबद्दल लिहितो, कारण चांगले सॉफ्टवेअर निवडूनही बॅकअप फसतो तो बहुधा तिथे.

क्रॉन हा केवळ घड्याळ पाहतो. दोन वाजता यंत्र बंद असेल, तर ते काम त्या दिवशी होत नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याची आठवणही राहत नाही. अ‍ॅनाक्रॉन राहून गेलेले काम नंतर करतो, पण तो दिवसाच्या मोजमापात विचार करतो, तासांच्या नाही. मिंटमध्ये सिस्टिमडी (यंत्रावरील सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) आहेच, तेव्हा त्याचे टायमर वापरावेत. टायमरच्या फाइलमध्ये ‘ऑनकॅलेंडर’ या ओळीत वेळ द्यावी आणि ‘पर्सिस्टंट’ हा पर्याय ‘ट्रू’ करावा. म्हणजे ठरलेल्या वेळी वीज नसली किंवा यंत्र बंद असले, तरी पुढच्या वेळी ते सुरू होताच राहिलेले काम हाती घेतले जाते.

आपल्या दिनक्रमाला धरून मी दोन वेगळे टायमर ठेवीन. सूचीची निर्यात आणि तिची प्रत कामाच्या वेळेत दर दोन तासांनी, म्हणजे बारा, दोन, चार आणि सहा वाजता. मामींचे लिप्यंतर फार तर दोन तासांचे पुन्हा करावे लागेल, त्याहून अधिक नाही. स्कॅनची प्रत संध्याकाळी सव्वासहाला, स्कॅनिंग थांबल्यावर. दीडशे पाने म्हणजे सुमारे ७ जीबी. बाहेरच्या डिस्कवर हे काही मिनिटांत होते, आणि आपल्या अपलोड वेगाने क्लाउडवर जायला साधारण वीस मिनिटे लागतात. सातच्या आत सर्व आटोपते. पहिली पूर्ण प्रत मात्र वेगळी गोष्ट आहे. ९०० जीबी डिस्कवर जायला निदान तीन तास धरावेत, आणि ५० एमबीपीएसने क्लाउडवर जायला वेग अखंड मिळाला तरी ४० तास लागतात. यंत्र रोज बंद होत असल्यामुळे ही पहिली खेप अनेक दिवसांत विभागली जाईल. काही बिघडत नाही. रेस्टिक मध्येच तुटले, तर पुढच्या वेळी आधी पोहोचलेले तुकडे पुन्हा पाठवत नाही. अचानक वीज गेल्यावर साठवणीवर जुने कुलूप राहिल्याची सूचना कधी दिसते. दुसरे काही चालू नाही याची खात्री करून ‘अनलॉक’ आज्ञा द्यावी.

संध्याकाळी कोणी घाईने संगणक बंद करू नये, यासाठी बॅकअपची आज्ञा सिस्टिमडी-इनहिबिटच्या आवरणातून चालवावी. प्रत पूर्ण होईपर्यंत सामान्य वापरकर्त्याची यंत्र बंद करण्याची आज्ञा ते रोखून धरते.

बाहेरची डिस्क जोडलेली नसताना काय होते, याचाही विचार आधीच करावा. आरसिंकची साधी स्क्रिप्ट असेल, तर ती त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये लिहू लागते आणि प्रणालीचीच डिस्क भरून टाकते. रेस्टिकला तिथे साठवण सापडत नाही आणि ते त्रुटी देऊन थांबते, जे योग्य आहे. तरीही सेवेच्या फाइलमध्ये ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ ही ओळ घालून डिस्कची हजेरी आवश्यक करावी.

आणि हे थांबणे कोणाला तरी कळले पाहिजे. माझ्या पाहण्यातील एका कार्यालयात बॅकअप कित्येक महिने रोज त्रुटी देऊन बंद पडत होता. त्रुटी नोंदवहीत व्यवस्थित उमटत होती आणि ती नोंदवही कोणी उघडतच नव्हते. सिस्टिमडीच्या ‘ऑनफेल्युअर’ ओळीने पडद्यावर सूचना किंवा ईमेल पाठवता येते, पण यंत्रच सुरू झाले नाही तर सूचनाही येत नाही. म्हणून उलट बाजूनेही पाहावे. शेवटच्या यशस्वी प्रतीची तारीख डेस्कटॉपवर सतत दिसत राहावी, आणि ती दोन दिवसांहून जुनी झाली की तिचा रंग बदलावा. काम संपताना रेस्टिक देते तो परतीचा संकेतांक ३ असेल, तर प्रत झाली पण काही फाइल वाचता आल्या नाहीत असा त्याचा अर्थ असतो. हे यश समजू नये.

आता नदीकाठाचा प्रश्न. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधील पूर आपण पाहिलेले असणार. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, की गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, यावरून सारे शहर अंदाज बांधते, आणि सराफ बाजार, भांडी बाजारातील दुकानदार माल हलवू लागतात. दुसरी प्रत ‘वेगळ्या घरात’ ठेवली, पण ते घरही पूररेषेच्या आतच असले, तर ती वेगळी प्रत नव्हे. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या जागी, हे सूत्र छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झाले. त्यातील ‘दुसरी जागा’ आपण नदीच्या दृष्टीने ठरवावी. सिडको किंवा इंदिरानगरकडे कोणी नातेवाईक असतील तर उत्तम. दोन सारख्या डिस्क घ्याव्यात, त्यांवर ठळक ‘अ’ आणि ‘ब’ लिहावे. एक पंचवटीत जोडलेली, दुसरी तिकडे कपाटात, आणि आठवड्यातून एकदा अदलाबदल. जी आणायची ती आधी आणावी आणि मगच घरातील डिस्क सोडवावी, असे करू नये, कारण त्या क्षणी दोन्ही डिस्क पंचवटीतच असतात. घरातील डिस्क आधी तिकडे न्यावी आणि तिथून दुसरी आणावी. पावसाळ्यात हा क्रम विशेष पाळावा.

सिंहस्थही जवळ आला आहे. पर्वकाळात पंचवटीत वाहनाने ये-जा करणे दुरापास्त होईल आणि यजमानांची वर्दळ वाढल्याने सूचीत नोंदीही भराभर पडतील. त्या काळापुरती तरी सूचीची प्रत क्लाउडवर जाण्याची व्यवस्था आधीच लावून ठेवावी. सूचीची निर्यात काही एमबीची असते, ती मोबाइलच्या जोडणीवरूनही जाते.

प्रतिसाद : देवळालीकर

वरील दोन्ही उत्तरे तांत्रिकदृष्ट्या योग्य आहेत, परंतु मला एक मूलभूत आक्षेप नोंदवायचा आहे. या वह्या शंभर-दीडशे वर्षे टिकल्या, कारण त्या उघडून वाचण्यासाठी डोळ्यांखेरीज कशाचीच गरज नव्हती. त्यांची एकमेव प्रत कूटबद्ध तुकड्यांच्या रूपात ठेवली, तर ती वाचण्यासाठी एक विशिष्ट सॉफ्टवेअर आणि एक पासवर्ड, दोन्ही लागतील. संगणकाची बाजू सांभाळणारी व्यक्ती उद्या नोकरीनिमित्त परगावी गेली, तर मामांच्या घरी ती डिस्क उघडणार कोण? रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर तो परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नाही, हे त्याचे निर्मातेच स्पष्ट सांगतात.

स्कॅन बदलत नाहीत, असे सातपूरकरांनीच म्हटले आहे. मग त्यांच्यासाठी इतिहास राखणाऱ्या सॉफ्टवेअरची गरजच काय? अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांचे आरसिंक १९९६ पासून वापरात आहे. ते साध्या फाइल साध्या फाइलच ठेवते. ‘डिलीट’ पर्याय कधीही देऊ नये, आणि ‘इग्नोअर एक्झिस्टिंग’ हा पर्याय द्यावा, म्हणजे प्रतीत एकदा पोहोचलेले पान पुन्हा कधी पुसले जात नाही की त्यावर दुसरे काही लिहिले जात नाही. प्रत होत असताना वीज गेली, तरी आरसिंक आधी तात्पुरत्या नावाने लिहिते आणि पूर्ण झाल्यावरच नाव बदलते, त्यामुळे अर्धवट फाइल खऱ्या नावाने मागे राहत नाही. गोपनीयतेसाठी सबंध डिस्कच लक्सने (लिनक्समधील डिस्क कूटबद्ध करण्याच्या पद्धतीने) कूटबद्ध करावी. कोणत्याही लिनक्स यंत्राला ती जोडली आणि पासवर्ड दिला, की पाने समोर दिसतात.

प्रतिसाद : सातपूरकर

देवळालीकरांचा आक्षेप मला पटतो, विशेषतः घरातील दुसऱ्या माणसाला प्रत उघडता आली पाहिजे, हा मुद्दा. माझी सूचना त्यानुसार बदलतो. ‘अ’ आणि ‘ब’ या डिस्कवर लक्स असावे; त्यात स्कॅनसाठी त्यांनी सांगितल्याप्रमाणे आरसिंकची साधी प्रत, आणि शेजारी सूचीसाठी रेस्टिकची साठवण. क्लाउडवर जे जाईल ते मात्र रेस्टिकनेच जावे, कारण तिथे साध्या फाइल ठेवणे मामांच्या अटीत बसत नाही.

मात्र एका ठिकाणी साधी प्रत उणी पडते. डिस्कवरील एखादा बिट कालांतराने बिघडला, तर टिफ फाइल तशीच दिसते, तिचा आकार आणि तारीखही तीच राहते, आणि आरसिंक ती न बदललेली समजून पुढे जाते. रेस्टिकही मूळ फाइलच्या बाबतीत तसेच वागते. त्यामुळे बिघाड प्रतीत शिरत नाही, हे चांगले. पण तो कळतही नाही. यावर उपाय म्हणजे वही पूर्ण झाली की तिच्या सर्व पानांचे शा-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, बदल ओळखू देणारा अंक) काढून त्यांची यादी त्याच फोल्डरमध्ये ठेवावी आणि मग त्या फाइलना ‘चॅट्र’ आज्ञेने अचल अशी खूण करावी, जेणेकरून रूट (प्रणालीच्या प्रशासकाचा) अधिकार घेऊन ती खूण मुद्दाम काढल्याशिवाय कोणालाही त्या बदलता येणार नाहीत. दर तिमाहीला मूळ डिस्क आणि हाती असलेली प्रत, दोन्हींची या यादीशी पडताळणी करावी. ९०० जीबी वाचायला बाहेरच्या डिस्कवरून अडीच ते तीन तास लागतात, एखाद्या सुट्टीच्या दिवशी हे सहज होते. रेस्टिकच्या साठवणीसाठी ‘चेक’ आज्ञेत दर महिन्याला एक-बारांश भाग वाचण्याचा पर्याय आहे. वर्षभरात सगळी साठवण एकदा वाचून होते.

गोदाकाठ (पंचवटी)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. दोन डिस्क, लक्स, स्कॅनसाठी आरसिंक आणि सूचीसाठी रेस्टिक, ही रचना मामांना समजावून सांगितली आणि ती त्यांना पसंत पडली. दुसरी डिस्क सिडकोत मावशींकडे राहील. पासवर्ड दोन लिफाफ्यांत लिहून एक मामांच्या बँकेतील लॉकरमध्ये आणि एक मावशींकडे ठेवायचे ठरवले आहे. मावशींकडील लिफाफा डिस्कपासून वेगळ्या कपाटात राहील.

दोन शंका उरतात. फाइलना आम्ही गावाचे आणि कुळाचे नाव देवनागरीत देतो. यामुळे बॅकअपमध्ये अडचण येईल का? आणि सर्व सुरळीत चालले आहे याची खात्री प्रत्यक्षात कशी करावी?

प्रतिसाद : इंदिरानगर

देवनागरी नावे लिनक्सला पूर्णपणे मान्य आहेत, परंतु मर्यादा लक्षात ठेवावी. एक्स्ट४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल प्रणालीवर फाइलचे नाव २५५ बाइटपर्यंत असू शकते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे असल्यामुळे ८५ चिन्हे वाटतात त्यापेक्षा लवकर संपतात. गाव, तालुका, कुळ आणि यजमानाचे पूर्ण नाव एकाच नावात घातले तर मर्यादा गाठली जाते. शिवाय ‘कुऱ्हाडे’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो, एका चिन्हाने किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर ती नावे तंतोतंत सारखी दिसतात, पण लिनक्सच्या लेखी त्या दोन भिन्न फाइल असतात. म्हणून फाइलला नाव द्यावे ते केवळ ‘वही-०४१-पान-०१२७’ अशा धर्तीचे, आणि गाव-कुळ सूचीत राहू द्यावे. सूचीत दुरुस्ती झाली तरी मग फाइलचे नाव बदलावे लागत नाही, आणि अचल खूण काढण्याचीही वेळ येत नाही. नामांतर करायचेच असेल तर चेकसमची यादी तयार करण्याच्या आणि पहिली प्रत घेण्याच्या आधी करून घ्यावे.

खात्रीसाठी दर तिमाहीला, पडताळणीच्याच दिवशी, परतीचा सराव करावा. संगणकाऐवजी दुसरा कोणताही लिनक्स लॅपटॉप घ्यावा, त्याला मावशींकडून आलेली डिस्क जोडावी आणि लिफाफ्यातील पासवर्डनेच ती उघडावी. रेस्टिकमधून सूचीची महिन्यापूर्वीची निर्यात बाहेर काढून ती लॅपटॉपवरील रिकाम्या मारियाडीबीत भरावी, त्यानंतर मामींना समोर बसवून त्यांनी त्या सुमारास नोंदवलेले एखादे कुळ शोधायला सांगावे आणि सूची दाखवील त्या वहीचे ते पान डिस्कवरून उघडावे. हे सगळे करणारी व्यक्ती आपण नसावी. आपण शेजारी बसून, मामेभावंडांपैकी कोणी ते करावे. जिथे त्यांना आपल्याला विचारावे लागेल, ती पायरी कागदावर लिहून लिफाफ्यात घालावी. रेस्टिकची आवृत्ती आणि सूची परत भरण्याची नेमकी आज्ञा या दोन गोष्टी त्या कागदावर पहिल्याच दिवशी असू द्याव्यात.